उंची कुठून मोजायची?

रोह्याजवळचा अवचितगड साधारण 300 मीटर उंच. पाऊस उघडला की अशा गडांवरून ड्रोन उडवण्याची हौस उसळते. कुंडलिकेचे खोरे टिपणारी तरुण मंडळी असतात, तसे लग्नाआधीचे चित्रीकरण करणारे व्यावसायिकही. रिमोटच्या पडद्यावर शंभर मीटरचा आकडा आहे तोवर आपण नियमात आहोत, असा त्यांच्यातल्या अनेकांचा समज असतो. डोंगरात तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

‘ड्रोन नियम, 2021’ नुसार सरकारी नकाशावरच्या हरित क्षेत्रात 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. ही उंची ड्रोनखालच्या जमिनीपासूनची. पडद्यावर मात्र सहसा उड्डाणाच्या जागेपासूनची उंची दिसते. अवचितगडाच्या माथ्यावरून सोडलेला ड्रोन दरीवर गेला की पडद्यावर 50 मीटर दिसतानाही तो जमिनीपासून 300 मीटरच्या वर असतो. उलट, पायथ्याहून सोडताना परतीची उंची कमी ठेवली, तर संपर्क तुटताच तो सरळ रेषेत माघारी वळतो आणि मधल्या सोंडेवर आदळतो. सोंडेआड गेला की संपर्क तुटतोच. म्हणून ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नये. दुपारनंतर खाडीकडचा वारा चढतो, त्याविरुद्ध परतताना बॅटरी भराभर उतरते. कड्याला आग्या मोहोळ असेल, तर त्या बाजूला फिरकूच नये. चवताळलेल्या माशा खालच्या माणसांवर तुटून पडतात.

नोंदणी क्रमांक प्रत्येक ड्रोनला हवा. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्राची सूट आहे. पण 250 ग्रॅमहून जड ड्रोनने पैसे घेऊन चित्रीकरण करणाऱ्याला ती नाही. पोलिस 96 तासांपर्यंत तात्पुरते प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करू शकतात, तेव्हा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहावा. जवळच्या फणसाड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना ड्रोन नेऊच नये. तिथे गिधाडे आहेत.

ड्रोन नुसता हौसेचा नाही. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने दहा मिनिटांच्या आत लसी पोहोचल्या. डोंगरी वाड्यांना हे यंत्र हवेच आहे. बेफिकीर उड्डाणांमुळे उद्या सरसकट बंदी आली, तर नुकसान या वाड्यांचेच होईल. जिल्हा प्रशासन, पोलिस आणि वनखात्याने अवचितगड, सुरगड आणि पेणच्या सांकशीच्या पायथ्याशी हे नियम सांगणारे मराठी फलक यंदाच्या हंगामाआधी लावावेत.