नव्या प्रोसेसरचा मुहूर्त



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या वाडवडिलांनी बाबासाहेबांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि आपल्या घरातून पंचांग गेले. लग्नाला, घराला, दुकानाला आपण मुहूर्त काढत नाही. पण आता एक नवाच मुहूर्त आपल्या वस्तीत शिरला आहे. तो भटजी सांगत नाही, आपलीच शिकलेली मुले सांगतात. "काका, संगणक आत्ता घेऊ नका. दोन महिन्यांत नवा प्रोसेसर येतोय." या मुहूर्ताला आम्ही स्वतः कसे बळी पडलो, ते आधी सांगतो.

२०२४ च्या जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम शिल्लक राहिली होती. विहाराच्या अभ्यासिकेत मुलांसाठी एक संगणक घ्यावा असे ठरले. आम्ही राजारामपुरीत जाऊन दुकाने पालथी घातली, दरपत्रक आणले. तेवढ्यात एका तरुण कार्यकर्त्याने सांगितले की नवे प्रोसेसर येत आहेत, ते आले की जुने स्वस्त होतील. कारकुनी करून पै-पैचा हिशेब ठेवणारे आम्ही. समाजाचा पैसा वाचतो म्हटल्यावर लगेच मान डोलावली.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. घरच्या व कचेरीतल्या टेबलावरच्या संगणकांसाठी तो मुख्यत्वे दोनच कंपन्या बनवतात, इंटेल आणि ए.एम.डी. त्या वर्षी ए.एम.डी.ने जूनमध्ये जाहीर केले की रायझन ९००० मालिका जुलैत मिळेल. ३१ जुलै ही तारीखही ठरली. तारीख आठवड्यावर आली असताना कंपनीने कळवले की पहिल्या मालाचा दर्जा अपेक्षेइतका नाही. मग विक्री ८ आणि १५ ऑगस्टला सुरू झाली. तेव्हा आमचा कार्यकर्ता म्हणाला, आता इंटेलचाही बघू. तो २४ ऑक्टोबरला आला, पण महागडा. मग म्हणाला, स्वस्तातले नंतर येतात. ते जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. आम्ही फेब्रुवारीत संगणक घेतला, आणि घेतला तो उन्हाळ्यात पाहून ठेवलेलाच! किमतीतला फरक वर्गणीदारांना सांगण्याजोगाही नव्हता.

मधल्या काळात काय झाले? वस्तीतील एक मुलगी संगणक टंकलेखनाची परीक्षा देणार होती. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते. क्लासमध्ये तासभर मिळे, घरी सरावाला काही नाही. तिची आई धुणीभांडी करते. ती तीनदा विचारून गेली, "भाऊ, मशीन आलं का? नवं-जुनं आम्हाला काय कळतंय, पोरीचा हात बसला म्हंजे झालं." मुलगी वेगात कमी पडली. पुढच्या खेपेला ती अभ्यासिकेतल्या संगणकावर सराव करून उत्तीर्ण झाली, पण मधली भरतीची जाहिरात हातची गेली. टंकलेखनाला तर दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरला असता! हा दोष कोणत्या कंपनीचा नाही, आमचा आहे.

म्हणजे अंदाज बांधूच नये काय? जरूर बांधावा, पण भविष्य म्हणून नव्हे. तथागतांनी शिकवले की प्रत्येक गोष्टीला कारण असते. तसे यालाही आहे. इंटेलच्या टेबलावरच्या संगणकांसाठीच्या नव्या पिढ्या पाहा: नोव्हेंबर २०२१, ऑक्टोबर २०२२, ऑक्टोबर २०२३, ऑक्टोबर २०२४. ए.एम.डी.ने ऑगस्ट २०२४ च्या आधीची मोठी पिढी सप्टेंबर २०२२ मध्ये आणली होती, त्याआधीची नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे साधारण दोन वर्षांचे अंतर. घोषणा बहुधा जानेवारीत लास व्हेगासच्या किंवा मे-जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात होतात. घोषणेनंतर माल दुकानात यायला आठवडे, कधी महिने लागतात. आधी महागडे येतात, आपल्या ऐपतीचे मागून.

आणि कंपनीचा स्वतःचा अंदाजही चुकतो, हे विसरू नये. इंटेलची दहा नॅनोमीटर नावाची नवी निर्मितीपद्धत २०१६ च्या सुमारास येणार होती. कारखान्यात चांगला माल पुरेसा निघेना. लॅपटॉपमध्ये ती मोठ्या प्रमाणावर २०१९ मध्ये आली आणि टेबलावरच्या संगणकात २०२१ उजाडले. ज्यांचा कारखाना आहे त्यांचे पाच वर्षांनी चुकते, तिथे चौकातल्या गप्पांवर आपण मुलांचे वर्ष लावावे काय?

थांबले की स्वस्तच मिळते हेही खरे नाही. २०२५ च्या अखेरीस संगणकातल्या मेमरीचे भाव जगभर भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलला. प्रोसेसर स्वस्त व्हावा म्हणून थांबलेल्यांना मेमरीचे जादा पैसे मोजावे लागले.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. हव्या त्या ताकदीचा महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणखी शक्तिशाली प्रोसेसरची वाट पाहिली नाही. बाजारात मिळत होते ते लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. हाती आहे त्यातून काम सुरू करणे म्हणतात ते हेच.

म्हणून माताभगिनींना आणि पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलाचे काम काय आहे ते आधी विचारा. टंकलेखन, हिशेब, अर्ज भरणे, अभ्यासाचे धडे पाहणे यासाठी मागच्या पिढीचा प्रोसेसर भरपूर झाला. जुना संगणक घेत असाल तर एकच खबरदारी घ्या. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तेवढे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. नवा प्रोसेसर महिन्याभरात येणार अशी कंपनीचीच तारीख जाहीर असेल आणि मुलाची परीक्षा लांब असेल, तरच थांबा. नुसती कुजबुज असेल तर थांबू नका.

सारे अनित्य आहे, प्रोसेसर तर फारच. आज नवा म्हणून घेतलेला दोन वर्षांत जुना होतो. पण मुलीच्या बोटात बसलेला वेग जुना होत नाही. अभ्यासिकेतला आमचा संगणक आता रोज संध्याकाळी सहा ते नऊ चालू असतो. त्याच्या पुढची पिढी कधी येणार, हे आम्ही कुणाला विचारलेले नाही.

जय भीम!