बाळंतविडा आणि बाजारभाव

पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या बाजारपेठेतही आता तयार बाळंतविडा मिळतो. झबली, टोपडी, लाळेरी, पायमोजे आणि दुपटे अशी सारी सामग्री एकाच रंगात आणि एकाच नक्षीत खोक्यात मांडून ठेवलेली असते, आणि आप्तांपैकी कुणाच्या घरी पाळणा हलल्याची वार्ता आली की येता-जाता दुकानात शिरून त्यांतले एक खोके उचलावे, ही रीत सर्वत्र रूढ होऊन बसली आहे. ज्यांना सवड नाही, ज्यांची दृष्टी मंदावली आहे, किंवा ज्यांच्या हाताला सुई कधी लागलीच नाही, त्यांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना उत्तम शिवता-विणता येते त्या स्त्रियाही 'तयार मिळत असता उगीच शीण कशाला?' असे म्हणून सुया बाजूला ठेवू लागल्या आहेत, आणि त्यांच्याशी मात्र मला मनापासून वाद घालावयाचा आहे.

जाणत्या हाताने शिवलेले एखादे साधे झबले हाती घेऊन उलटसुलट पाहावे. त्याला बटण नसते, कारण ते निजलेल्या बाळाच्या कोवळ्या अंगाला रुतते. बटणाच्या जागी मऊ कापडाचे बंद असतात. त्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलेली असते, म्हणजे दोऱ्याची गाठ किंवा कापडाची कड कातडीला घासत नाही. कापड म्हणावे तर आजीच्या, वर्षानुवर्षे धुऊन विरत आलेल्या सुती लुगड्याचे. कारण नव्या कापडातील खळ आणि त्याचा कडकपणा जाईपर्यंत ते तान्ह्या जिवाच्या उपयोगाचे नाही, हे आमच्या घरोघरी ठाऊक होते, आणि म्हणूनच बारशापर्यंत बाळाला जुन्याचेच कपडे घालावेत असा प्रघात पडला. खणाची, जरीच्या काठाची कुंची यायची ती मागाहून, चारचौघांत मिरविण्यासाठी. लोकरीचा स्वेटर विणावयाचा तर त्याचा गळा खांद्यावर उघडता ठेवावा लागतो, कारण बाळाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने बरेच मोठे असते आणि अरुंद गळ्यातून ते घालताना बाळ रडून आकांत करते; खालची पट्टी एक सुलट, एक उलट अशी घालावी लागते, म्हणजे ती अंगासरशी बसते पण आवळत नाही; आणि बाही दोन बोटे दुमडून घालता येईल एवढी लांब सोडावी लागते, म्हणजे पुढल्या थंडीतही तो स्वेटर कामी येतो. कोणत्याही शास्त्रग्रंथात न नोंदलेले हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून सिद्ध झाले आहे, आणि ज्या दिवशी हात थांबतील त्या दिवसापासून ते लोपू लागेल, ही मला खरी चिंतेची बाब वाटते.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. चांगल्या लोकरीच्या गुंड्यांना जेवढे दाम पडतात तेवढ्यात, क्वचित त्याहूनही कमी पैशांत, यंत्रावर विणलेला तयार स्वेटर मिळतो, आणि त्यात विणणारीची मजुरी धरली तर हा सौदा सर्वथैव आतबट्ट्याचा ठरतो. हा हिशेब बिनचूक आहे. परंतु तो खरेदी-विक्रीचा हिशेब आहे, आणि भेट ही त्या दप्तरात नोंदण्याची बाबच नव्हे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला, तेव्हा जगभरातून आलेल्या मौल्यवान नजराण्यांत गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे, जाळीदार विणीचे एक वस्त्रही होते, आणि त्याच्या मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे विणलेली होती. ज्या साम्राज्याशी आयुष्यभर झुंज दिली त्याच्या वारसदार कन्येला, मनात कसलीही कटुता न ठेवता, त्या अपरिग्रही पुरुषाने आपल्या हातचे सूत दिले. त्या वस्त्राचा बाजारभाव काढू पाहणाऱ्याला त्यातले काहीच कळले नाही असे म्हणावे लागेल. त्याआधी मार्च १९४२ मध्ये इंदिराजींचा विवाह झाला, तेव्हा त्यांनी नेसलेली खादीची साडी जवाहरलालजींनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. बंदिवासातील पित्याला कन्येच्या लग्नासाठी जे करता येण्यासारखे होते ते त्याने चरख्यावर बसून केले. आज कुणी आपल्या मैत्रिणीला स्वेटर विणून दिला की 'इतके सुंदर विणतेस तर विकायला का काढत नाहीस?' असा प्रश्न सर्वप्रथम येतो. तो कौतुकाने विचारलेला असतो हे खरे, तथापि विकणे हीच कौशल्याची परमावधी होय, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

हातच्या भेटीत माप घ्यावे लागते, हे तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. भावाला सदरा शिवावयाचा तर त्याची छाती, खांदा आणि गळा ठाऊक हवा; तो उन्हात हिंडतो की कचेरीत पंख्याखाली बसतो, त्याला बंद गळा सोसतो की नाही, हेही ठाऊक हवे; आणि जे ठाऊक नसेल ते विचारावयास त्याच्याकडे जावे लागते. स्वेटर पुरा होईपर्यंतचे कित्येक दिवस ते माणूस विणणारीच्या मनात वावरत असते. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा हिमालयाच्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभरच्या स्त्रियांनी स्वेटर विणून धाडले. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा त्या सैनिकाचे माप म्हणून कित्येकींनी आपल्याच घरच्या तरुण मुलाची छाती डोळ्यांपुढे ठेवली असेल.

मात्र या कलेच्या नावाने जे जे चालत आले त्या सर्वांचे समर्थन करावयास मी उभा नाही. रुखवतात मांडलेले भरतकाम आणि विणकाम ही कित्येक घरांत नव्या वधूची परीक्षाच असे. सासरच्या बायका टाका अन्‌ टाका निरखून तिच्या गुणांचा निवाडा करीत, आणि लग्नाआधीची दोन-दोन वर्षे मुलींना तोरणे आणि रुमाल पुरे करण्याच्या तगाद्याखाली काढावी लागत. ती भेट नव्हे, तो खंडणीचाच एक प्रकार. तो नाहीसा होत असेल तर त्याबद्दल मला तिळमात्र खेद नाही.

घेणाऱ्याचेही या बाबतीत काही कर्तव्य आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. घरची जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक पसरून, कडेपासून आत येत धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आजी परदेशी निघालेल्या नातवाला देते. सामानाच्या वजनाचा प्रश्न सोडवून तो ती नेतोही. पण तिकडे गेल्यावर 'खराब होईल' म्हणून ती कपाटात घडी घालून ठेवतो. यात आदर आहे, मी नाकारीत नाही, परंतु गोधडी अंगावर घेण्यासाठीच शिवलेली असते. ती पांघरावी, मळली तर धुवावी, उसवली तर चार टाके घालावेत, आणि स्वेटर आखूड झाला की तो धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या लेकराला द्यावा. गळा घट्ट झाला असेल तर विणणारीला तसे मोकळेपणाने सांगावे. खोट्या स्तुतीने तिचा पुढला स्वेटरही घट्टच होईल.

आता राहिला पुरुषांचा प्रश्न. कापड बेतण्यात आणि शिवण्यात आमचे शिंपी पिढीजात निष्णात आहेत. तेव्हा हे काम पुरुषाच्या हाताला साजत नाही, या समजुतीला आधार नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह धरला, तो मुलींपुरता नव्हता. आमच्या शाळांत कार्यानुभव नावाचा विषय आहे. त्या तासाला मुलगा-मुलगी असा भेद न करता धावदोरा, काज-बटण आणि दोन सुयांवरची सुलट-उलट वीण सर्वांना शिकवावी, आणि वर्षअखेर प्रत्येकाने एक वस्तू घरातल्या किंवा शेजारच्या कुणा एकासाठी, त्याचे माप घेऊन, करावी असा दंडक घालावा. एखाद्या मुलाने आजोबांसाठी कानटोपी विणली तर शिक्षकांनी केवळ टाके तपासून गुण देऊ नयेत. ती आजोबांच्या डोक्याला नीट बसते की नाही, याची आधी चौकशी करावी.