भावजी, मिरची कुठली?

गेल्या कोजागिरीला आमच्या नरडाण्याच्या घराच्या गच्चीवर एक छोटीशी फौजदारी झाली. गुलाबाईची गाणी आटोपली होती. रिवाजाप्रमाणे माझ्या नातीने खाऊचा झाकलेला डबा हलवून दाखवला आणि म्हणाली, “ओळखा!” आवाज काही येईना. शेजारच्या मुलींनी करंजी म्हटले, साबुदाणावडा म्हटला, गुळाची पापडी म्हटली, आणि शेवटी हरल्या. झाकण उघडले तो आत मोमो! कणकेचे, वांग्याचे भरीत भरून वाफवलेले. नवरात्रात एकवीरादेवीच्या दर्शनाला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा पोरीने ते हातगाडीवर खाल्ले होते. ते घरी करून पाहण्याचा हट्ट तिचा, हात सूनबाईंचा.

आमचे थोरले भावजी पुढे झाले, एक मोमो उचलून त्यांनी दिव्यापाशी धरला. “हाई काय शे? गुलाबाईपुढे चिन्यांचं खाणं? आपलं खानदेशी खाणं बुडवलं या पोरींनी!” एवढे बोलून त्यांनी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा मागितला.

मी त्या दिवशी बोलले नाही. सणाचा दिवस, भावजी वडीलधारे, आणि पोरीचे डोळे आधीच भरून आले होते. पण दिवाळी अंकात बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

भावजी, मोमो तिबेट-नेपाळकडचा, हे राहू द्या. तुमच्या ठेच्यातली मिरची कुठली? 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा सबंध हिंदुस्थानात मिरचीचे एक रोप नव्हते. ती अमेरिकेची लेक. पोर्तुगीजांच्या गलबतांतून पुढे इकडे आली. त्याआधी आपले पूर्वज मिरे, पिंपळी आणि आल्यावर तिखटाची हौस भागवीत. आज नंदुरबारला पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली पाहून कोणाला ती परकी वाटेल? ठेच्यातला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. आणि भावजी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करतात; त्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे चौघेही त्याच परमुलखातले. देवीने तर कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

भाकरीचे ऐकाल तर आणखी गंमत. ज्वारी आणि बाजरी दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या. हजारो वर्षांपूर्वी आल्या, म्हणून आपण विसरलो इतकेच. उडीद मात्र इथलाच. म्हणजे आपली कळण्याची भाकरी हे एका पाहुणीचे आणि एका घरच्याचे लग्न आहे. ते पहिल्यांदा कोणी लावले असेल? कोणीतरी सासुरवाशीणच, आणि तिच्याही घरी एखादे भावजी असणारच.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून पाळले. आमची पुण्याची भाची तेव्हा बाजरीची भाकरी ‘नवा पदार्थ’ म्हणून करू लागली, आणि भावजींची छाती फुगली. आपली भाकरी पुण्याला गेली तर गौरव, आणि मोमो नरडाण्याला आला तर आक्रमण! हा न्याय मला समजत नाही.

आणि गुलाबाईचे नाव कशाला घेता? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज खाऊ ओळखायचा खेळ. जो डबा ओळखता येतो तो हरलेला डबा. माझी आई या महिन्यात रात्री जागून विचार करी, की उद्या असे काय करावे जे आळीत कोणी केले नाही. नव्याची हौस पोरींना हातगाडीने लावली असे म्हणता, ती तर गुलाबाईनेच लावली.

आता मनातले सांगते. ‘आपलं पारंपरिक’ म्हणून जे आवर्जून मागतात, ते बहुधा चुलीपुढे बसलेले नसतात. आश्विन-कार्तिकात शेतात भरीत होते. गेल्या सालच्या कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची. 2016 साली जळगावच्या त्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भाजायला पुरुष मोठ्या हौसेने बसतात, सेरभर कौतुक घेतात. पण शंभर पुऱ्या घरी लाटून पाठवल्या कोणी? खापरावरचे मांडे मी चाळीस वर्षे केले. दोन्ही हातांवर पोळी झुलवून तापल्या खापरावर टाकताना मनगटाला जे चटके बसतात, त्यांना कोणी परंपरा म्हणत नाही.

लग्नानंतर बाहेरचे जेवण मी प्रथम जेवले ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आग्रा रोडवरच्या एका ढाब्यावर. शेवभाजी होती. तिखट जहाल, तेलाचा तवंग बोटभर. पण एक पोरगा गरम भाकरी ताटात आणून टाकत होता आणि मी बसले होते. मी बसले होते, भावजी! दुसरी भाकरी मला नको होती, तरी घेतली. माझ्या सासूबाईंच्या चुलीवर शेवभाजी कधी शिजली नाही. आज तीच ‘अस्सल खानदेशी’ म्हणून मिरवते, आणि पाहुणे आले की तुम्हीच त्यांना तिथे नेता.

नवे ते सगळे चांगले, असे मी म्हणत नाही. हायवेवरच्या हॉटेलांतली ती नारिंगी ग्रेव्ही, तिच्यात पनीर घाला की काजू, चव एकच; आश्विनात तीच, चैत्रातही तीच. तिला मी नवी म्हणायला तयार नाही. पण आमच्या डब्यातल्या मोमोत त्याच सकाळी मळ्यातून आलेले वांगे होते. तुम्ही तो उचललात, दिव्यापाशी धरलात आणि खाली ठेवलात. चाखला नाहीत.

पुढल्या कोजागिरीचा डबा मी भरणार आहे. हलवला तर वाजेल, एवढेच आत्ता सांगते. पहिला मान तुमचा.