पडद्यावरची गर्दी आणि पुलावरची गर्दी

सकाळच्या वेळी बोरीवली स्थानकाच्या पादचारी पुलावर क्षणभर उभे राहिले, तर एक विलक्षण दृश्य दिसते. चर्चगेटची जलद गाडी गाठू पाहणारे शेकडो लोक समोरून येणाऱ्यांना चुकवीत, जिन्याचे वळण साधीत, बरोबर वाट काढतात. माणसाला जे सहज जमते, ते यंत्राला शिकविण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

या विद्येचा उगम यंत्रमानवांच्या अभ्यासात आहे. अडथळे टाळून यंत्राचा हात इष्ट स्थळी कसा न्यावा, या प्रश्नाला १९७९ च्या सुमारास लोझानो-पेरेझ यांनी नवे रूप दिले. यंत्राला केवळ बिंदू मानावे आणि त्याच्या आकाराच्या मानाने अडथळेच फुगवावेत. मग बिंदूपुरती वाट शोधणे तेवढे उरते. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लातोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गणित संगणकाच्या पडद्यावरील माणसाचे हात हलविण्यासाठी वापरून दाखविले. पुढे प्रश्न आला गर्दीचा. अरुंद वाटेत समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरकतात, पुन्हा दुसऱ्या बाजूला सरकतात आणि अडून राहतात. २००८ मध्ये व्हॅन डेन बर्ग, लिन आणि मनोचा यांनी त्यावर तोड काढली : टक्कर टाळण्याची निम्मी जबाबदारी प्रत्येकाने उचलावी!

आज चित्रपटांतील सैन्ये आणि खेळांतील जमाव अशाच प्रकारच्या गणितांवर चालतात. मग खऱ्या माणसांच्या वाट्याला ही विद्या का येऊ नये? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर, पावसापासून आडोसा शोधणाऱ्या गर्दीत, चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराकरवी तेथे नवा पूल उभारण्यात आला. जाग आली, पण बळी गेल्यावर.

गणिताने सारे साधेल, असा भ्रम मात्र नसावा. दर चौरस मीटरला सहा-सात माणसे दाटली की कोणालाच वाट निवडता येत नाही. जमाव द्रवासारखा ढकलला जातो आणि टक्कर टाळण्याचे गृहीतकच कोसळते. तेथे देहावर येणाऱ्या दाबाचा हिशेब लागतो. हेल्बिंग, फारकाश आणि व्हिचेक यांनी २००० मध्ये तो मांडून दाखविले की, घाई वाढली की दारातून बाहेर पडण्याचा वेग उलट मंदावतो. शिवाय आभासी प्रवाशाच्या डोक्यावर पाऊस पडला पाहिजे, त्याच्या हातात पिशवी हवी, आणि ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणाही त्याच्या कानी पडली पाहिजे. ही माहिती स्थानकावर उभे राहून मोजल्याविना मिळत नाही.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. पडद्यावरील गर्दीला ग्राहक आहे, म्हणून तिच्यावर पैसा खर्च होतो. पुलावरील सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे; एकटा पासधारक ती विकत घेऊ शकत नाही. ती शासनाने आणि रेल्वेनेच घ्यावयास हवी. पूल बांधण्याच्या खर्चापुढे त्याची आगाऊ चाचणी नगण्य ठरेल. प्रत्येक नव्या पुलाच्या व जिन्याच्या आराखड्यासोबत अशी चाचणी सक्तीची करावी, तिची गृहीतके जाहीर करावीत आणि मोजणीचे काम अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना द्यावे.

पडद्यावर चेंगरलेला माणूस पुढच्या चाचणीला पुन्हा उभा राहतो. पुलावरचा राहत नाही. म्हणूनच चूक व्हावयाची असेल, तर ती आधी पडद्यावर झालेली बरी.