तळं एकाचं, पाणी गावाचं

शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायची जागा. निदान सरकारी कागदावर तरी तसंच आहे. आमच्या जालन्याकडं कितीतरी तळी अशी आहेत की जिथं ओघळ चुकूनही येत नाही. चारी बाजूंनी मातीचा भराव, आत प्लास्टिकचा कागद आणि काठावर बोअरचा पाइप. आभाळातून थेट पडेल तेवढंच पावसाचं, बाकी सगळं जमिनीच्या पोटातून उपसलेलं. ह्याला पाणी अडवणं म्हणायचं? हा उपसाच झाला की! आणि त्याला अनुदान.

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तेव्हा जास्तीत जास्त 50 हजार रुपये मिळायचे. नाव मोठं गोड, पण मागणाऱ्याच्या नावावर किमान 0.60 हेक्टर, म्हणजे दीड एकर रान पाहिजे होतं. शिवाय काम आधी, पैसे मागून. पोकलेनवाल्याला रोख मोजायची ज्याची ऐपत त्यानंच मागावं, बाकीच्यांनी बघावं.

आता हिशेब करा. 30 मीटर लांब, 30 रुंद आणि 3 खोल अशा तळ्यात अंदाजे 22 लाख लिटर पाणी मावतं. वैशाखात उघड्या पाण्याची रोज आठ मिलिमीटर तरी वाफ होते. म्हणजे भरल्या तळ्यावरून दिवसाला सात हजार लिटर उडालं. त्याच गावात बायाबापड्या टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या! भुईत होतं तवा ते पाणी उन्हापासून झाकलेलं होतं आणि सगळ्या शिवाराचं होतं.

आमच्या भावकीत एक वहिनी आहेत. एकच एकर रान, 50 फुटांची विहीर. संक्रांतीपर्यंत त्यांचा गहू भिजायचा. शेजारच्या दोन तळ्यांसाठी तीन बोअर झाले, तेव्हापासून दिवाळीलाच विहिरीचं बूड दिसतं. योजनेत त्या बसल्या नाहीत, रान कमी म्हणून. तळ्याचा फोटो मोबाइलवर जागेसकट चढवतात. आटलेल्या विहिरीचा फोटो कोण काढणार?

कुणी म्हणेल, दादा, तुमच्या पोटात का दुखतंय? 2012 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, सरपणाला गेल्या. ज्यानं ते पाहिलं तो तळं करणारच. त्याला मी नावं ठेवत नाही. पण साहेब येतात, टेप लावतात, लांबी-रुंदी-खोली जुळली की बिल पास. पाणी आलं कुठून, हे कुणी विचारीत नाही.

हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचेच बंद केले. तिथं दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पीक ठरतं. आपल्याकडं निदान एवढं करा: अनुदानाच्या तळ्यात बोअरचं पाणी सोडलं तर पैसे परत घ्या. एकरवाल्या दोघातिघांना मिळून उताराला एक तळं द्या. आणि '72 च्या दुष्काळात लोकांनी मजुरीवर घातलेले बांध जो राखतो, त्याला दरसाल चार पैसे द्या. आमच्या शिवारात असे पाचसहाच उरलेत. दर पेरणीला ट्रॅक्टर ते वीतभर कोरतो.