संगीताचे मासिक कोणासाठी?

युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीताची नगरी म्हणून मान दिला. तेव्हापासून संगीताच्या नावाने काही नवे करावे, अशी हौस आपल्या गावात अधूनमधून दिसते. परवा माझ्या परिचयाची काही तरुण मंडळी नियोजित संगीत-मासिकाचा नमुना अंक घेऊन घरी आली. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ झोकदार. आत घराण्यांच्या आठवणी, बंदिशी, चित्रपटगीतांची चर्चा आणि मुलांसाठी कोडी.

मी विचारले, "हे कोणासाठी?"

"सर्वांसाठी, काका!"

या उत्तरानेच मला काळजी वाटू लागली.

मासिकाची मांडणी म्हणजे नुसती सजावट नव्हे. वाचक कोण, याचा तो निर्णय असतो. इंग्लंडात 'मेलडी मेकर' १९२६ साली निघाले ते प्रामुख्याने धंदेवाईक वादकांना समोर ठेवून. पुढे 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने ध्वनिमुद्रिका विकत घेणारा तरुण हेरला. नोव्हेंबर १९५२ मध्ये त्याने दुकानदारांना दूरध्वनी करून खपाची यादी छापली आणि ती यादीच पत्राचे आकर्षण ठरली. पण तरुणाला गाणे आणि गाण्याची बातमी दोन्ही घरबसल्या फुकट मिळू लागली, तेव्हा २०१५ साली पत्रही फुकट वाटावे लागले. २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद झाले. वाचकाची गरज सरली की नाव कितीही मोठे असो, निभाव लागत नाही.

आपल्याकडे हाथरसचे 'संगीत' १९३५ साली सुरू झाले. त्यातील स्वरलिपी शिकणाऱ्याच्या उपयोगाची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'संगीत कला विहार'ला १९४७ पासून विद्यार्थी व शिक्षक यांचा हक्काचा वर्ग लाभला. आपला वाचक कोण, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता या नमुना अंकाकडे वळू. त्यात एक बंदीश भातखंडे पद्धतीने लिहिलेली, तर शेजारची पलुसकर पद्धतीने; खुलासा कोठेच नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तारसप्तक दाखविते, पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्रसप्तक दाखविते! जाणत्याला हसू येईल; परंतु घरी एकटा बसून रियाज करणारा मुलगा पार उलट्या सप्तकात जाईल. ग्वाल्हेरात १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले तेच भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली. तेव्हा येथे कोणती लिपी घ्यावी, हे निराळे सांगायला नको. शिवाय अंक पेटीपुढे जमिनीवर उघडा राहिला पाहिजे. डिंकाने चिकटविलेला हा अंक हात काढताच मिटतो. दोन्ही हात पेटीवर असलेल्याने पाने धरायची कशाने?

माझे मत मी स्पष्टच सांगितले. मासिक पहिल्या तीन-चार वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी काढा. बंदिशी थोड्या पण अचूक, अक्षर ठसठशीत, आणि मराठी सोपी, लहान वाक्यांची. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात. त्यांची मराठी घरात आजीपुरती उरली आहे. गाण्याच्या ओढीने महिन्याला चार पाने मराठी त्यांच्या डोळ्यांखालून गेली, तर तो लाभ लहान नव्हे.

"मग जुन्या गवयांच्या आठवणी?" एकाने विचारले. "त्या तर तुम्हालाच आवडतात."

आवडतात खऱ्या. अंक हाती येताच मी प्रथम तेच पान उघडले होते. पण मी सत्तरी ओलांडली आहे. केवळ माझ्या आवडीचे मासिक काढाल, तर आणखी दहा वर्षांनी त्याला वाचक कोठून आणाल? आठवणींना शेवटचे एक पान द्या, असे मी म्हटले.

मंडळी अंक घेऊन गेली. पुढचा नमुना शिवून आणतो, असे जाताना म्हणाली. तो आला की पेटीपुढे उघडा ठेवून पाहीन.