पकड कुठे घट्ट, कुठे सैल

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये कोरियातल्या एलके-99 या पदार्थाने केवढी धमाल उडवली होती, आठवतं? नेहमीच्या तापमानाला विजेला शून्य विरोध करणारा पदार्थ सापडला म्हणे! आमच्या नेरुळच्या कट्ट्यावरसुद्धा आता विजेची बिलं कमी होणार म्हणून चर्चा झडल्या. काही आठवड्यांत दावा फोल ठरला. असो.

मला वाटतं मंडळी, आपण चुकीच्या बातमीवर टाळ्या वाजवतो. खाडीपलीकडे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1994 साली यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे 12 केल्विनला, म्हणजे उणे 261 अंशांना, अतिसंवाहकता सापडली. निकेल म्हणजे चुंबकी धातू (आपल्या जुन्या रुपयातला), तो या गुणाचा वैरी समजला जाई. म्हणून नवल!

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, फुगडीतल्या मुलींसारखे. साध्या धातूंत कुठल्याही दिशेने पाहा, त्यांची पकड जवळपास सारखीच. काही पदार्थांत मात्र एका दिशेला घट्ट आणि दुसरीकडे सैल. या पकडीचा आकार कळला की ती कशामुळे बसते याचा माग लागतो. तो माग न काढता नवा पदार्थ शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणंच की!

2004 साली त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी या कुटुंबातल्या एका स्फटिकाला धातूचं अणकुचीदार टोक टेकवलं आणि आत वीज सोडली. आधी एका अक्षाच्या दिशेने, मग दुसऱ्या. व्होल्टेज बदलताना वीज किती सहज शिरते, त्यावरून जोडी फोडायला लागणारी ऊर्जा कळते. एका दिशेला ती दुसरीपेक्षा साडेचार पट निघाली! मी मराठी घेऊन बी. ए. झालो, पण हे वाचून मला चांगली कविता वाचल्यासारखं वाटलं.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न कट्ट्यावर लगेच येतो. माझं मत स्पष्ट आहे: हा प्रश्न शेवटी विचारावा. याच संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाला शुद्ध बिस्मथ अतिसंवाहक झालेलं दिसलं, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.53 मिलिकेल्विनला. डिसेंबर 2016 मध्ये ते 'सायन्स'मध्ये आलं. त्याची कुणी तार ओढणार नाही. पण 1957 पासून चालत आलेली जोड्यांची उपपत्ती तिथे अपुरी पडते, आणि ती का, हे आधी शोधायला हवं.